इसार दिला २०१५ ला, किल्ली मिळाली २०२१ ला

आपल्या पत्रिकेत लागण, खोडवा, ठिबक यांवर भरपूर छापून येते. घरखरेदीवर मात्र फारसे कुणी लिहीत नाही. म्हणून माझाच एक रखडलेला व्यवहार सभासद बंधू-भगिनींपुढे मांडतो. यात माझा शहाणपणा थोडा आणि चुका जास्त आहेत.

वस्तीवरचे घर वाडवडिलांचे. स्वतःच्या पैशाने घ्यायचे पहिले घर म्हणजे तालुक्याच्या गावातले, पोरांच्या शाळेसाठी. जानेवारी २०१५ मध्ये दोन खोल्या आणि पुढे पडवी असलेले जुने घर चौदा लाखांना ठरले. विकणारा ओळखीतलाच, घरातला थोरला भाऊ. चहा पिता पिता शंभराच्या स्टँपवर इसार पावती झाली आणि मी दोन लाख मोजले. मेअखेर खरेदीखत करायचे, तोवर उसाचे बिल पदरात पडेल, असा हिशोब.

कागद पाहिले होते का? पाहिले होते की! घरपट्टीची पावती पाहिली होती. तिच्यावर थोरल्याचे नाव होते, आम्हाला तेवढे पुरले.

इथेच माती खाल्ली. घरपट्टीची पावती काय, किंवा खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना ८ काय, हे कर आकारणीचे कागद. त्यावरून मालकी ठरत नाही. सिटी सर्व्हेमधून मिळकत पत्रिका काढली तेव्हा तिच्यावर नाव निघाले वडिलांचे, आणि ते वारले होते १९९८ साली. वारसांची नोंदच नव्हती. मागे आई, दोन भाऊ आणि लग्न होऊन गेलेली एक बहीण. थोरला म्हणाला, "बहिणीचं काय मनावर घेताय? साडीचोळी केली की सही करंल ती."

तिने सही केली नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये वाटपाचा दावा लावला आणि घर विकू नये म्हणून मनाई हुकूम आणला.

त्या बाईंचा मला फार राग आला होता. वकिलांनी कायदा समजावून सांगितला तेव्हा तो उतरला. मुलींना हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला असे आपण पारावर बोलतो. ती गोष्ट वडिलोपार्जित एकत्र मिळकतीची. बापाने स्वतः कमावलेल्या आणि मृत्युपत्र न करता मागे ठेवलेल्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. फक्त घरचे लोक राहत असलेल्या घराची वाटणी तिला भाऊ वेगळे होईपर्यंत मागता येत नसे. ती अट २००५ ला गेली. म्हणजे बाईंचे काही चुकले नव्हते. चुकले होते थोरल्याचे, आणि न विचारता पैसे देणाऱ्या माझे.

मग तारखा सुरू झाल्या. कधी समन्स न बजावता परत, कधी समोरचे वकील गैरहजर, कधी साहेब रजेवर. तोडणीची टोळी आज येईल, उद्या येईल म्हणून फडाच्या बांधावर बसायची सवय असलेल्या माणसालाही ती वाट जड गेली. भाड्याची खोली सुटेना आणि दोन लाख अडकलेले.

या काळात माझी दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी ठरली असती. मला वाटे, कोर्टात प्रकरण चालू आहे, म्हणजे आपले पैसेही सुरक्षित आहेत. २०१८ च्या सुरुवातीला दुसऱ्या एका वकिलांना कागद दाखवले. त्यांनी विचारले, "तुमचा स्वतःचा दावा कुठाय?" चालू होता तो बहिणीचा दावा. करार पुरा करून मागायचा माझा दावा वेगळा, आणि त्याला मुदत तीन वर्षांची. करारात तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. माझी मुदत मेअखेर संपत होती. मार्चमध्ये दावा दाखल केला. उन्हाळा तसाच घालवला असता तर इसार पावतीचा कागद राहिला असता, त्याचा जोर गेला असता.

त्यांनी आणखी तीन गोष्टी करायला लावल्या. उरलेली रक्कम द्यायची आपली तयारी पहिल्यापासून होती हे दाखवायला बँकेचे पासबुक आणि ऊसबिलाच्या पावत्या जोडल्या. तयारी नसलेल्याला कोर्ट खरेदीखत करून देत नाही. करार पुरा होणार नसेल तर इसाराची रक्कम परत मिळावी, ही मागणीही दाव्यातच लिहिली. ती वेगळी मागावी लागते. तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. दावा चालू असताना घर तिसऱ्याला विकले, तर त्या तिसऱ्यावर निकाल बांधील व्हावा म्हणून आपल्या राज्यात दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. १९३९ च्या मुंबई दुरुस्तीपासून हा नियम आहे. खरेदीपूर्वी सूची २ चा तीस वर्षांचा शोध घ्यायचा तोही यासाठी. अशी नोटीस नोंदलेली असेल तर तिथे दिसते.

शेवट निकालाने झाला नाही. २०२१ मध्ये दोन्ही दावे लोकअदालतीत ठेवले. बाईंना त्यांचा हिस्सा किमतीतून थेट त्यांच्या खात्यावर द्यायचे ठरले, आणि घरांचे भाव वाढले होते म्हणून मी वर तीन लाख सोसले. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते आणि कोर्ट फीही परत मिळते. डिसेंबरात आई, दोघे भाऊ आणि बहीण अशा चौघांच्या सह्यांनी खरेदीखत नोंदले. सही झाल्यापासून चार महिन्यांत खत नोंदणीला हजर करावे लागते. आम्ही एक दिवसही थांबलो नाही.

पोरांसाठी पुण्याकडे नवा फ्लॅट घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे प्रकल्पाचा महारेरा नंबर बघा. नोंदलेल्या कराराआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ठरल्या तारखेला ताबा दिला नाही, तर व्यवहार सोडून व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा थांबायचे असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. जुन्या घराला आणि गावठाणातल्या जागेला असा वाली नाही. तिथे इसाराआधी वकिलाकडून शोध घ्यायचा आणि साठेखत नोंदवूनच पैसे द्यायचे. त्याचा खर्च माझ्या सहा वर्षांच्या खोलीभाड्यापुढे काहीच नव्हता.

आता घरचीच गोष्ट सांगतो. खरेदीखत झाल्यावर एका संध्याकाळी आमच्या शेताचा सातबारा काढून पाहिला. आमचे वडील वारल्यावर वारस नोंदीत आई आणि मी, दोघेच. थोरल्या आक्काचे नाव नाही. "तिने हक्क सोडलाय" असे घरात सगळे म्हणत आलो, पण नोंदलेले हक्कसोडपत्र कुठेच नव्हते, आणि तोंडी सोडलेला हक्क कागदावर सुटत नाही. आक्काला फोन केला. ती म्हणाली, "नाव लाव माझं, मग बघू सोडायचं का ठेवायचं." दुसऱ्या दिवशी तलाठी कार्यालयात अर्ज देऊन आलो.