टोळाचे रबर, झाडाचा दोर

एक रबरी चेंडू १०० सेंटिमीटर उंचीवरून फरशीवर सोडा आणि तो किती उसळतो ते मोजा. समजा, ७० सेंटिमीटर उसळला. म्हणजे सुमारे ७० टक्के ऊर्जा परत मिळाली. बाकीची बहुतेक उष्णतेच्या रूपाने गेली.

टोळाच्या पंखांच्या सांध्यात मात्र असे एक प्रथिन असते, की ते ताणताना खर्चलेली सुमारे ९७ टक्के ऊर्जा परत देते! त्याचे नाव रेझिलिन. डॅनिश शास्त्रज्ञ टॉर्केल वाइस-फोग यांनी १९६० साली त्याचे वर्णन केले.

पण टोळ पकडून असे कितीसे प्रथिन मिळणार? २००५ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी फळमाशीच्या रेझिलिन-जनुकाचा एक भाग जीवाणूंमध्ये घातला. जीवाणूंनी प्रथिन बनवले. प्रकाशाच्या साहाय्याने त्याचे रेणू एकमेकांशी सांधताच रबरासारखा पदार्थ तयार झाला.

हा पदार्थ लवचीक खरा, पण फार मऊ. त्याला बळकटी कोण देणार? वनस्पती! लाकूड आणि कापूस यांतील सेल्युलोजचे मूळ तंतू अवघे काही नॅनोमीटर जाड असतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) वजनाच्या मानाने ते अतिशय मजबूत असतात.

दोन्ही नुसते कालवून भागत नाही. ताण पडताच ते सुटे होतील. सेल्युलोज पचवणाऱ्या काही जीवाणूंच्या प्रथिनांत सेल्युलोजला घट्ट चिकटणारा एक भाग असतो. इस्राएलमधील हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी तोच रेझिलिनला जोडला. जणू प्रथिनाला आकडाच मिळाला!

अशा पदार्थांना परिस्थितीही ‘कळते’. रेझिलिन कोरडे असता ठिसूळ, तर ओले होताच लवचीक होते. आपल्या रक्तवाहिन्यांतील इलॅस्टिन या प्रथिनाच्या धर्तीवर बनवलेली प्रथिने गार पाण्यात विरघळतात; पाणी कोमट झाले, की आकसून एकत्र येतात. पुन्हा गार करा, पुन्हा विरघळतात.

याचा उपयोग काय? शरीर इलॅस्टिन मुख्यतः जन्मापूर्वी आणि बालपणी तयार करते. पुढे ते झिजले, तर पुरेसे नवे बनत नाही. म्हणूनच कृत्रिम रक्तवाहिनीसाठी मजबूत आणि लवचीक पदार्थ हवा आहे.

कसोटी मात्र कठीण आहे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक. प्रत्येक ठोक्याला ताणून पूर्ववत होणारा, शरीराला न खुपणारा आणि परवडणारा पदार्थ घडवायचा आहे. त्यासाठी जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि अभियांत्रिकी या तिन्ही विषयांची सांगड घालावी लागेल.