लोकापवादाची कचेरी

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलेला प्रवासी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांवर अभनपुरास पोहोचतो. विसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखात जी अडीच फुटी छोटी रेल्वे आली, तिचा एक फाटा येथूनच राजीमकडे वळत असे. ते रूळ आता गेले आणि 30 मार्च 2025 पासून रायपूर-अभनपुर अशी मोठ्या रुळांवरची गाडी सुरू झाली. या एवढ्याशा टापूत, एक रायपुरात आणि दुसरा राजीमला, असे दोन पुरुष होऊन गेले, की ‘लोक काय म्हणतील’ या प्रश्नाने ज्याची झोप उडाली आहे अशा कोणत्याही माणसाने त्यांचे चरित्र एकदा तरी मन लावून वाचावे.

हे भय किती सामान्य आहे, हे पाहण्यास दूर जावे लागत नाही. बिंबाजी भोसल्यांच्या अमदानीपासून येथे स्थायिक झालेल्या किंवा पुढे नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घरांतील एखादी मुलगी आपल्या अंगणात मोकळेपणी बोलत असते. तिच्या मराठीत हिंदीची वळणे असतात, छत्तीसगढीचे शब्द असतात. परंतु पुण्याची मावशी सुट्टीत आली, पहिल्याच जेवणाला मुलगी ‘आई पोळ्या करून राहिली’ असे म्हणाली आणि पंगतीत हसू फुटले, की ती पोर ताटातल्या भाताकडे पाहू लागते, आणि पुढचे चार दिवस ‘हो’ आणि ‘नको’ यांपलीकडे तिच्या तोंडून शब्द निघत नाही. मावशीच्या मनात दुष्टावा नसतो, ती दुसऱ्या दिवशी ते विसरूनही गेलेली असते; मुलगी मात्र पुढे महाराष्ट्र मंडळाच्या रंगमंचावर उभी राहण्याचा प्रसंग आला, की तेच हसू पुन्हा ऐकते.

मावशी विसरते आणि मुलगी विसरत नाही, या विषमतेचा शोध मानसशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. टॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केलेले प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना, ज्या गायकाचे चित्र मिरवण्याची त्यांना लाज वाटे, त्याच्याच चित्राचा सदरा घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठविले, आणि चित्रातला माणूस कितीजणांनी ओळखला असेल, असे मागाहून विचारले. सदरा घालणाऱ्यांचा अंदाज जवळजवळ निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात ओळखणारे त्याच्या निम्मेच, म्हणजे एकचतुर्थांशाच्या आसपास निघाले. आपल्यावर रोखलेल्या वाटणाऱ्या नजरांपैकी बऱ्याचशा आपणच कल्पिलेल्या असतात, हे यावरून दिसते. पण ज्या नजरा खरोखरीच रोखलेल्या असतात त्यांचे काय, याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी त्या दोघांपैकी रायपूरच्या माधवराव सप्रे यांच्याकडे वळले पाहिजे.

दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे 1871 साली जन्मलेल्या या मराठी गृहस्थाने जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि 1907 साली नागपुरास ‘हिंदी केसरी’ सुरू करून टिळकांचे राजकारण हिंदी वाचकांच्या दारी नेले. जुलै 1908 मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली सप्रे यांनाही अटक झाली. वडील बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे त्यांचा निश्चय ढळला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनी सरकारला माफीनामा लिहून दिला आणि ते सुटले. ज्याचा गुरू मंडालेस गेला त्या शिष्याने माफी मागावी, हे तत्कालीन राष्ट्रीय पक्षाला किती झोंबले असेल याची कल्पना करता येते. निंदेचा जो वर्षाव झाला तो कल्पित नव्हता.

येथे सप्रे यांनी जे केले, ते मला फार थोर वाटते. कुटुंबाची अडचण पुढे करून त्यांनी कैफियत मांडली नाही, निंदकांशी वाद घातला नाही. लोकांनी दिलेला निवाडा त्यांच्या स्वतःच्या अंतःकरणाने आधीच दिलेला होता, म्हणून तो त्यांनी शिरसावंद्य मानला. हनुमानगढच्या रामदासी मठात राहून माधुकरीवर निर्वाह केला, ‘दासबोध’ हिंदीत आणला, आणि मग रायपुरात मुलींच्या शिक्षणासाठी जानकीदेवी पाठशाळा काढली. लोकमान्य मंडालेहून परतल्यावर त्यांच्या ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर झाले तेही या सप्रे यांच्याच हातून, आणि 1924 साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्याने आपला दोष स्वतःच कबूल केला, त्याच्यापासून लोकापवादाला आणखी हिरावून घेण्याजोगे काही उरत नाही.

राजीमचे पंडित सुंदरलाल शर्मा यांची गोष्ट याच्या नेमकी उलट होती. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या छत्तीसगढी कवीने अस्पृश्य मानल्या गेलेल्या सतनामी समाजातील लोकांना जानवी दिली, अशा लोकांच्या मंदिरप्रवेशासाठी राजीमला चळवळ केली, आणि सनातनी मंडळींनी त्यांना ‘सतनामी ब्राह्मण’ म्हणून हिणवले. हा निवाडाही लोकांचाच होता, आणि तो देणारे त्यांचेच जातभाई, रोजच्या उठबशीतले लोक होते. परंतु शर्मा यांच्या विवेकाने तो मुळीच मान्य केला नाही, आणि म्हणून ते रेसभरही मागे सरले नाहीत. नोव्हेंबर 1933 मध्ये महात्मा गांधी रायपुरास आले, तेव्हा या कार्यात शर्मा आपले गुरू आहेत, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले.

तेव्हा लोकांच्या कचेरीतून हुकूम आला, की प्रथम तो आपल्या विवेकापुढे ठेवावा: तेथे तो कायम झाला तर सप्रे यांच्यासारखे मुकाट्याने कामाला लागावे, आणि रद्द झाला तर शर्मा यांच्यासारखे चालत राहावे. हे बोलणे सोपे असले, तरी ज्याचे पाय थरथरतात त्याला युक्तिवादाने धीर येत नाही, हेही मी जाणतो. विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस एकोणिसाव्या वर्षी अत्यंत बुजरे होते. न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानात महिनाभर जाऊन बाकावर बसलेल्या शंभरएक अनोळखी स्त्रियांशी त्यांनी बळेच संभाषण केले. मैत्री एकीशीही जमली नाही, पण आकाशही कोसळले नाही, आणि पुढे जन्मभर त्यांना ती भीती शिवली नाही. ज्या गोष्टीची लाज वाटते ती बुद्ध्याच आणि पुनःपुन्हा करणे, हाच तिच्यावरचा उतारा आहे.

मात्र हा सगळा भार भिणाऱ्यावरच टाकणे मला अन्यायाचे वाटते. निवाडे देणारे आपणच असतो. म्हणून पुण्या-नागपूरहून रायपूर-अभनपुरकडे येणाऱ्या सर्व आप्तांना माझी कळकळीची विनंती आहे: येथली मुले जशी मराठी बोलतील तशी त्यांना बोलू द्या, वाक्य पुरे होईपर्यंत ऐका, आणि चूक सांगायचीच असेल तर ती चारचौघांत सांगू नका.