हृदयशस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वांच्या गोळ्या : हव्यात की नकोत?

हृदयाची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी आला, की भेटायला येणारे आप्तेष्ट हमखास एक सल्ला देतात : ‘ताकद यायला व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू करा.’ सल्ला सद्भावनेचा असला, तरी तो सर्वांना सारखा लागू पडत नाही.

छातीचे हाड व जखम भरून येण्यासाठी शरीराला मुख्यतः प्रथिने लागतात. जखमेतील नवे तंतू तयार होण्यास ‘क’ जीवनसत्त्व आवश्यक असते. डाळी, दूध, अंडी यांतून प्रथिने, तर आवळा, पेरू, लिंबू यांतून ‘क’ जीवनसत्त्व मिळते. आहार पुरेसा असेल, तर बहुतेकांना वेगळ्या गोळ्यांची गरज भासत नाही.

खरी सावधगिरी हवी ती कृत्रिम धातूची झडप बसविलेल्या रुग्णांनी. झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून त्यांना वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिनोकुमरॉल ही औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठविणारे घटक बनविते. ही औषधे नेमकी त्याच क्रियेला आळा घालतात. अनेक बहुजीवनसत्त्व गोळ्यांत ‘के’ असते. अशी गोळी परस्पर सुरू केल्यास औषधाचा प्रभाव घटून गुठळीचा धोका वाढू शकतो. एकाएकी बंद केल्यास रक्तस्रावाचा. पालक, मेथी, कोथिंबीर यांतही ‘के’ भरपूर असते. मात्र पालेभाज्या वर्ज्य करू नयेत. त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे आणि ‘आयएनआर’ ही रक्तचाचणी वेळेवर करावी.

‘ई’ जीवनसत्त्व हृदयाचे रक्षण करते, असा एके काळी समज होता. ‘होप’ या मोठ्या अभ्यासात नऊ हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा काहीही लाभ आढळला नाही. उलट २००५ मधील पुढील निष्कर्षांत हृदयाची कार्यक्षमता घटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले.

याचा अर्थ गोळ्या निरुपयोगी आहेत असा नव्हे. शाकाहारी व्यक्तींत ‘ब-१२’ची कमतरता वरचेवर आढळते, आणि आम्लपित्तावरील पॅन्टोप्राझोलसारखी औषधे दीर्घकाळ घेतल्यास ती वाढू शकते. ‘ड’ जीवनसत्त्वही अनेकांत कमी असते. रक्ततपासणीत उणीव सिद्ध झाली, तर ती जरूर भरून काढावी.

तेव्हा कोणतीही नवी गोळी, टॉनिक वा काढा घेण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी तपासणीच्या वेळी सोबत न्यावी.