स्वामीजी, बुर्गुला आणि गोविंदभाई : एका लढ्यातले सोबती, राज्य आल्यावरच्या तीन वाटा

मागच्या वेळी आपण हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा शेवट पाहिला. 13 सप्टेंबर 1948 ला पोलीस कारवाई सुरू झाली आणि 17 सप्टेंबरला निजामाचं सैन्य शरण आलं. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं, भाषणं आणि झेंडावंदनं इथंच थांबतात. पण खरं राजकारण 18 सप्टेंबरपासून सुरू झालं. कालपर्यंत एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून लढलेली माणसं समोरासमोर उभी राहिली. असं का झालं, आणि त्यातून आपल्याला, म्हणजे परभणी, नांदेड, बीडकडच्या लोकांना काय मिळालं, काय गमावलं, हा आजचा विषय.

आधी थोडं लांबून येऊ. अमेरिकेत जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोघे 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या कामात सोबत होते. पुढं तेच दोघे दोन पक्षांचे पुढारी झाले. 1800 च्या निवडणुकीत जेफरसन यांनी अॅडम्स यांना हरवलं. मग कित्येक वर्षं अबोला. 1812 मध्ये पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला आणि मरेपर्यंत चालला. दोघेही एकाच दिवशी गेले, 4 जुलै 1826 ला. ही गोष्ट सांगायला गोड आहे. पण आपण तिच्यातला प्रश्न उचलायचा : लढा चालू असताना मित्र असलेली माणसं, राज्य हाती आल्यावर प्रतिस्पर्धी का होतात?

उत्तर अवघड नाही. लढ्यात शत्रू एकच असतो, त्यामुळं आपसातले मतभेद उद्यावर ढकलता येतात. राज्य आलं की तो उद्या उजाडतो. जमीन कुणाची, मंत्री कोण, सरहद्द कुठं, या प्रश्नांची उत्तरं आजच द्यावी लागतात. हैदराबादमध्ये नेमकं हेच झालं.

आता माणसं ओळखून घेऊ.

पहिले स्वामी रामानंद तीर्थ. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यात सिंदगीला. म्हणजे कन्नड मुलखातला माणूस. काही काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं, मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक. 1932 मध्ये संन्यास घेतला. पण संन्यासी होऊन डोंगरात गेले नाहीत, राजकारणात आले.

दुसरे बुर्गुला रामकृष्ण राव. जन्म 1899, तेलंगणातले वकील, बहुभाषी विद्वान. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. म्हणजे गंमत बघा. कन्नड मुलखात जन्मलेला संन्यासी मराठवाड्याचा पुढारी झाला, आणि त्याचा प्रतिस्पर्धी हा पुण्यात शिकलेला, मराठी जाणणारा तेलुगू वकील. त्या संस्थानाची घडणच अशी होती.

तिसरे गोविंदभाई श्रॉफ. जन्म 1911. कोलकात्याला जाऊन गणितात एम.एस्सी. झाले, कायदाही शिकले, आणि औरंगाबादला येऊन शिक्षक झाले. तिघांत सर्वांत तरुण आणि विचारानं सर्वांत डावे.

या लढ्याची सुरुवात आपल्या अंगणातली आहे. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन 1937 मध्ये परतूरला झालं, अध्यक्ष गोविंदराव नानल. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे, पण तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होतं. पुढच्याच वर्षी, 1938 ला, स्टेट काँग्रेस उभी राहिली, सत्याग्रह झाला, वंदे मातरम् चळवळ झाली. विद्यार्थ्यांच्या मागं गोविंदभाई होते, सत्याग्रहात स्वामीजी होते. संघटनेवर बंदी आली ती 1946 पर्यंत टिकली.

आता मुद्द्यावर येऊ. मतभेद 1948 नंतर अचानक उगवले नाहीत. ते आधीपासून होते. बुर्गुला आणि त्यांच्याबरोबरचे लोक मवाळ : कायद्यानं चालावं, वाटाघाटी कराव्यात, पायरी पायरीनं पुढं जावं. स्वामीजी आणि गोविंदभाई जहाल : लोकांना रस्त्यावर आणल्याशिवाय निजाम हलणार नाही. जून 1947 मध्ये स्टेट काँग्रेसचं अधिवेशन हैदराबादला मुशीराबादेत भरलं तेव्हा अध्यक्ष स्वामीजी होते. भारतात विलीन व्हायचं, ही भूमिका तिथं ठाम झाली. मग अटका झाल्या. स्वामीजी तुरुंगात असताना बाहेरच्या कृती समितीचे अध्यक्ष दिगंबरराव बिंदू होते, आणि मराठवाड्याच्या सरहद्दीवरच्या लढ्याची मोठी जबाबदारी गोविंदभाईंवर होती. हे लक्षात ठेवा : मवाळ, जहाल सगळे याच लढ्यात होते. कुणी घरी बसलेलं नव्हतं.

मग 17 सप्टेंबर आला आणि तीन प्रश्न एकदम उभे राहिले.

पहिला प्रश्न सत्तेचा. निवडून आलेलं सरकार लगेच आलंच नाही. आधी लष्करी प्रशासन, मग 1950 पासून वेलोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री. त्याच वर्षी काँग्रेसचे चार जण मंत्रिमंडळात घेतले गेले, त्यांत बुर्गुला होते. 1952 च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री बुर्गुलाच झाले आणि दिगंबरराव बिंदू गृहमंत्री. ज्यांच्या नावानं लोक लढले ते स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. खुर्ची दुसऱ्या गटाकडं गेली.

दुसरा प्रश्न जमिनीचा. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र उठाव चालू होता. कुळांचं काय करायचं? 1950 मध्ये कुळकायदा आला. त्या वेळी महसूल खातं बुर्गुलांकडं होतं. डाव्या मंडळींना तो अपुरा वाटत होता. आणि इथं दुसरी फूट पडली, स्वामीजी आणि गोविंदभाई यांच्यातली. गोविंदभाई आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमधून बाहेर पडले. स्वामीजी आतच राहिले. आमच्या मते ही फूट बुर्गुलांशी झालेल्या स्पर्धेपेक्षा जास्त दुखरी होती, कारण इथं विचार जवळजवळ एकच होता. वाद एवढाच : पक्षात राहून तो पुढं न्यायचा, की बाहेर पडून?

असंच पुणे, साताऱ्याकडंही झालं होतं. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष काढला. आणि 1952 मध्ये परभणीनं लोकसभेवर कुणाला पाठवलं? शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना. म्हणजे पहिल्याच निवडणुकीत आपल्या जिल्ह्यानं सत्ताधाऱ्यांच्या विरोधात मत दिलं. लढ्यातला काँग्रेसचा मान वेगळा आणि मत वेगळं, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पहिल्या दिवसापासून कळत होतं.

तिसरा प्रश्न नकाशाचा. हैदराबाद राज्य तसंच ठेवायचं, की तेलुगू, मराठी, कन्नड असे तीन भाग करून शेजारच्या राज्यांत मिळवायचे? स्वामीजींचं म्हणणं स्पष्ट होतं : राज्य मोडा, भाषेप्रमाणं वाटा. बुर्गुला त्या राज्याचे मुख्यमंत्री होते. राज्य मोडलं तर त्यांची खुर्ची जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शेवटी बुर्गुलांनी विशालांध्र मान्य केलं. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्य नाहीसं झालं. मराठवाड्याचे पाच जिल्हे, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, मुंबई राज्यात आले. आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री नीलम संजीव रेड्डी झाले आणि बुर्गुला केरळचे राज्यपाल म्हणून गेले.

एका ओळीत सांगायचं तर खुर्ची बुर्गुलांना मिळाली, आणि नकाशा स्वामीजींच्या मनासारखा झाला. दोघांपैकी कुणालाही दोन्ही मिळालं नाही.

आता मैत्रीचं बोलू. इथं खोटं गोड बोलायचं नाही. स्वामीजी आणि बुर्गुला यांचं नातं सोबत्यांचं होतं, जिवलग मित्रांचं नव्हतं. पण वैर किती खोल होतं ते बघायला एक माणूस पुरेसा आहे : पी. व्ही. नरसिंह राव. ते वकिली शिकले बुर्गुलांच्या हाताखाली आणि राजकारणात राहिले स्वामीजींच्या गटात. आज एखाद्या तालुक्याच्या गावी असं करून दाखवा बरं! सकाळी एका पुढाऱ्याच्या कचेरीत, संध्याकाळी दुसऱ्याच्या बैठकीत. लोक दोन दिवसांत गद्दार ठरवतील. तेव्हा ते चाललं, कारण भांडण कशावरून आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ते भूमिकेचं होतं, म्हणून माणसाच्या घरापर्यंत जायचं कारण नव्हतं.

स्वामीजी आणि गोविंदभाई यांचं नातं मात्र वेगळं. पक्ष वेगळे झाले, नातं तुटलं नाही. 22 जानेवारी 1972 ला स्वामीजी गेले. त्यानंतर गोविंदभाईंनी औरंगाबादेत त्यांच्याच नावानं संशोधन संस्था उभी केली. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनाचं आणि पुढं मराठवाडा जनता विकास परिषदेचं नेतृत्व केलं. रेल्वे, पाणी, शिक्षण, अनुशेष, हे शब्द आपल्या तोंडी बसवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आमदारकी, मंत्रिपद नसताना 2002 मध्ये जाईपर्यंत त्यांचा शब्द सरकारला ऐकावा लागायचा.

मग गमावलं काय? तेही सांगायला हवं. 1956 ला आपण मोठ्या राज्यात गेलो तेव्हा आपले सर्वांत मोठे पुढारी एकत्र नव्हते. एक पक्षाबाहेर होता, दुसऱ्याचा गट सत्तेबाहेर होता. मुंबईत आपल्या बाजूनं जोरात बोलणारं माणूस त्या पहिल्या वर्षांत कमी पडलं, असं आमचं मत आहे. भांडण प्रामाणिक असलं तरी त्याची किंमत असते, आणि ती पुढच्या पिढीनं भरली.

शेवटी एक प्रश्न श्रोत्यांकडून आला आहे : या तिघांपैकी बरोबर कोण होतं?

आमचं उत्तर असं. बुर्गुलांशिवाय कायदा झाला नसता, स्वामीजींशिवाय मराठवाडा महाराष्ट्राकडं एवढ्या लवकर आला नसता, आणि गोविंदभाईंशिवाय इथं आल्यावर आपल्याला हक्कानं मागायला कुणी शिकवलं नसतं. एकाच पक्षात, एकाच मताचे राहिले असते तर यांतली दोन कामं तरी राहून गेली असती.

परभणी जिल्ह्यातल्या कॉलेजांतून पदवी घेणाऱ्या मुलामुलींच्या प्रमाणपत्रावर नांदेडच्या विद्यापीठाचं, म्हणजे स्वामी रामानंद तीर्थांचं नाव असतं. ते घरात फ्रेम करून लावताना एवढं आठवा, की या माणसाचा जवळचा सहकारी त्याच्या विरोधात गेला होता, आणि तरीही त्याचं नाव पुढं न्यायला तोच राहिला. पुढच्या वेळी आपण नागपूर कराराकडं वळू. आज इथंच थांबू.