पांदणीतली चार चाकं

यवतमाळ जिल्ह्यात घरची गाडी घ्यायची म्हटलं की आता हमखास विचारलं जातं, फोर बाय फोर घ्यावी का? मागच्या चाळीसेक वर्षांत याचं उत्तर गाड्यांपेक्षा रस्त्यांनीच जास्त बदललं.

महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली ती चारही चाकांना ताकद देणारी, युद्धातली गाडी. पण पुढे आपल्याकडे सवारी कोंबून धावणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपांपैकी कितीतरी नुसत्या मागच्या चाकांवर चालत. स्वस्त पडत, डिझेल कमी खात. पावसाळ्यात फसली की सवारी उतरून धक्का मारायची.

ओल्या काळ्या मातीपुढे चार चाकांचाही सहसा टिकाव लागत नाही. मृगाचा दमदार पाऊस झाल्यावर वावराकडे जाणाऱ्या पांदणीत गाडी घातली, की थोड्याच अंतरावर टायरच्या खाचा गाऱ्यानं लिंपून जातात. टायर गुळगुळीत होतो, चाकं जागेवर फिरत खाली खणत जातात, मडगार्डात चिखल ठासतो आणि गाडी पोटावर बसते. खोल खाचांचे टायर, उंची आणि लो गिअर असलेली जीप कदाचित निघेल. शहरी एसयूव्हीतल्या ऑल व्हील ड्राइव्हला बहुधा लो गिअर नसतो; पुढची चाकं घसरली की मागच्यांना ताकद जाते, एवढंच. म्हणून शेतकरी वाफशाची वाट बघतो. चांगली उघाड पडली की तीच पांदण साध्या बोलेरोलाही वाट देते.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली आणि डांबर गावोगाव पोचत गेलं. पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर–हैदराबाद महामार्ग चौपदरी झाला. उरली ती गाव ते वावर ही पांदण. तिच्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, तरी कितीतरी पांदणी अजून मातीच्याच आहेत. गाडीवरच्या जादा लाखांपेक्षा तिथे पडलेला मुरूम मला जास्त मोलाचा वाटतो. त्यावरून बैलबंडी जाते आणि शाळेतल्या मुलीची सायकलही.

सगळ्यांना फोर बाय फोर लागत नाही, हे बाजारानंही ओळखलं. महिंद्राची २०२० ची नवी थार फक्त फोर बाय फोर होती. जानेवारी २०२३ मध्ये मागच्या चाकांवरची आली, ९.९९ लाखांपासून. जीएसटीतही अंतर आहे: सप्टेंबर २०२५ पासून १.५ लिटर डिझेलची ही थार १८ टक्क्यांत, २.२ लिटरची फोर बाय फोर ४० टक्क्यांत.

फोर बाय फोर पुराच्या पाण्यातूनही निघते, हा गैरसमज मात्र जिवावर बेततो. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर पुरात घातलेली एसटी वाहून गेली, माणसं दगावली. बससारखं जड धूड जिथे तगलं नाही, तिथे दीड-दोन टनांच्या गाडीनं काय करावं? पाणी गाडी उचलतं. मग ताकद किती चाकांना आहे याला अर्थच उरत नाही. ब्रेक मारतानाही फोर बाय फोरला वेगळं काही मिळत नाही.

रोज यवतमाळ–दारव्हा किंवा वणी–पांढरकवडा करणाऱ्यानं फोर बाय फोरचा जादा पैसा चांगल्या टायरांत आणि एअरबॅगांत घालावा. भर पावसाळ्यात झरी जामणीकडच्या आडबाजूच्या पोडांवर, कोलामांच्या वस्त्यांवर, औषधपाणी घेऊन ज्याला जावंच लागतं, त्यानं लो गिअरची खरी फोर बाय फोर घ्यावी, आणि डिकीत जाड दोर ठेवावा.