दोघांसाठी छोटे घर, गावासमोर मोठा प्रश्न

ब्रिटनच्या ग्रामीण भागात सुटीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांविषयीचे नियम २०२२ ते २०२५ या काळात लक्षणीयरीत्या बदलले आहेत. लेक डिस्ट्रिक्टची सरोवरे, पीक डिस्ट्रिक्टची पठारे आणि वेल्समधील एरिरी अर्थात स्नोडोनियाचा डोंगराळ प्रदेश येथे दोघांपुरती लहान, टुमदार घरे पर्यटकांना विशेष प्रिय आहेत. मात्र हीच घरे आता कर आणि निवारा यांविषयीच्या वादाचा विषय ठरली आहेत.

घराची व्यवस्था कशी असते?

या पद्धतीला तेथे 'सेल्फ केटरिंग' म्हणतात. भाड्यात जेवणाचा समावेश नसतो. शेगडी, फ्रिज, भांडीकुंडी यांनी सज्ज असे स्वयंपाकघर मात्र मिळते. अनेक घरे मूळची धान्याची कोठारे, गोठे किंवा गिरण्या होत्या. आठवडाभरासाठी घर देण्याची प्रथा जुनी असून, शुक्रवारी किंवा शनिवारी पाहुणे बदलतात. आधीच्या पाहुण्यांनी सकाळी दहाच्या सुमारास घर सोडायचे आणि नव्यांनी दुपारनंतर यायचे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. मधल्या वेळेत साफसफाई उरकली जाते. चहा, दूध, पाव एवढी पहिल्या दिवसाची शिधासामग्री अनेक मालक आपुलकीने ठेवतात.

लहान घराचे अर्थकारणही वेगळे आहे. मुलांसह प्रवास करणाऱ्या कुटुंबांना शाळेच्या सुट्या पाहाव्या लागतात. जोडप्यांना ते बंधन नसते. त्यामुळे मे, सप्टेंबर यांसारख्या महिन्यांतही घर रिकामे राहण्याची शक्यता कमी होते. शेतकऱ्यांना जोडउत्पन्न मिळते आणि जुन्या वास्तूंचे जतनही होते. १९६५ मध्ये स्थापन झालेली लँडमार्क ट्रस्ट ही संस्था मोडकळीस आलेल्या ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती करून त्या पर्यटकांना भाड्याने देते. तिच्या घरांत दूरचित्रवाणी संच मुद्दाम ठेवलेला नसतो.

वाद कशाचा?

एक शयनगृह असलेले दगडी घर पर्यटक जोडप्याला जितके हवेसे वाटते, तितकीच त्याची गरज गावात संसार थाटू पाहणाऱ्या तरुण जोडप्यालाही असते. आठवड्याच्या भाड्यातून वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा अधिक उत्पन्न मिळत असेल, तर घर पर्यटनाकडे वळते. बारमाही वस्ती घटली की शाळा, दुकान आणि बससेवा टिकवणे कठीण होते. दुसरीकडे, त्याच गावांतील उपाहारगृहे आणि सफाई कामगार यांची उपजीविका पर्यटकांवर अवलंबून असते.

सरकारांनी काय केले?

वेल्समध्ये असे घर व्यवसाय म्हणून गणले जाण्यासाठी पूर्वी ते वर्षातून १४० दिवस उपलब्ध आणि ७० दिवस प्रत्यक्ष भाड्याने दिलेले असणे पुरेसे होते. १ एप्रिल २०२३ पासून ही मर्यादा अनुक्रमे २५२ आणि १८२ दिवस झाली. अट पूर्ण न झाल्यास घराला स्थानिक निवासी कर लागू होतो, आणि दुसऱ्या घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार लावण्याचा अधिकार तेथील स्थानिक संस्थांना आहे. हिवाळ्यात पर्यटक फारसे फिरकत नाहीत, अशा भागात १८२ दिवस भरणे अवघड असल्याची तक्रार व्यावसायिक करतात.

स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून परवाना पद्धत सुरू झाली. आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांना अर्जासाठी १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुदत होती. सुसज्ज सुटीघरांच्या मालकांना मिळणारी विशेष करसवलत एप्रिल २०२५ मध्ये संपूर्ण ब्रिटनमध्ये संपुष्टात आली. कर्जावरील व्याजाची पूर्ण वजावट हा त्या सवलतीचा महत्त्वाचा भाग होता.

पर्यटकांनी काय पाहावे?

स्कॉटलंडमधील घराच्या जाहिरातीत परवाना क्रमांक असणे बंधनकारक आहे. तो अवश्य तपासावा. किमान किती रात्रींचे आरक्षण करावे लागेल, सरपणाचा खर्च भाड्यात धरला आहे काय आणि जवळचे दुकान किती अंतरावर आहे, हेही आधीच विचारून घ्यावे. ग्रामीण भागात बसच्या फेऱ्या मोजक्या असतात. शिधा मोठ्या शहरातून भरून आणण्याऐवजी गावातील दुकानातून घेतल्यास, ज्या गावाच्या शांततेसाठी आपण तेथे जातो, त्या गावाचे दुकान चालू राहण्यास थोडाफार हातभार लागतो.