कागद आहे, पण सांपडत नाहीं

कचेरींतील जुना हेडक्लार्क निवृत्त होतो, त्या दिवशीं हारतुरे होतात, भाषणें होतात आणि कपाटांच्या किल्ल्या नव्या माणसाच्या हातीं दिल्या जातात. परंतु आठवडाभरांतच सर्वांच्या ध्यानांत येतें कीं, किल्ल्या मिळाल्या तरी दप्तर कांहीं उलगडलें नाहीं. कोणता ठराव कोणत्या पत्रामुळें झाला, त्या पत्राचें उत्तर कोणत्या फायलींत लागलें, हें त्या एकट्या गृहस्थास ठाऊक होतें. कागद जागच्या जागीं आहेत. नाहींशी झाली आहे ती एका कागदाकडून दुसऱ्या कागदाकडे जाणारी वाट.

ही अडचण केवळ लहान कचेऱ्यांची नव्हे. जिनीव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सरहद्दीवर, सर्न ही अणुकणांच्या संशोधनाची संस्था १९५४ सालीं स्थापन झाली. अनेक देशांचे शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ तेथें येत, बहुधा दोनएक वर्षें काम करीत आणि परत जात. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञांनीं मार्च १९८९ मध्यें आपल्या वरिष्ठांपुढें एक टिपण ठेवलें. माणसें सतत बदलत असल्यानें संस्थेचें ज्ञान सतत गळत आहे. नव्या माणसास कामाची ओळख होण्यांत त्याचा व इतरांचाहि पुष्कळ वेळ खर्ची पडतो. जुन्या कामाचा तपशील ऐन अडचणीच्या वेळीं चोराचा माग काढावा तसा शोधावा लागतो, असें त्यांनीं त्यांत दाखवून दिलें. त्यांतील सर्वांत मार्मिक गोष्ट ही कीं, पुष्कळदां माहिती लिहून ठेवलेली असतेच. ती सांपडत मात्र नाहीं.

कागदपत्र लावण्याच्या दोन पद्धती सर्वत्र रूढ आहेत. पहिली झाडासारखी: विभागाच्या फांदीस पोटविभागाच्या डहाळ्या आणि डहाळीस कागदाचें पान. ही पद्धत दिसावयास नीटनेटकी असते. परंतु पान एकाच डहाळीस लागूं शकतें. पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीचा कागद यंत्रांच्या फायलींत लावावा, खर्चाच्या लावावा कीं तक्रारींच्या? ठेवणारास एक जागा सुचते, शोधणारास दुसरी. दुसरी पद्धत खुणेच्या शब्दांची. प्रत्येक कागदावर विषयाचा शब्द लिहावा व त्या शब्दावरून तो शोधावा. येथेंहि घोटाळा होतो, कारण एकजण ‘रजा’ लिहितो, दुसरा ‘सुट्टी’ आणि तिसरा ‘गैरहजेरी’. बर्नर्स-ली यांनीं या दोन्ही पद्धतींचें अपुरेपण नेमकें हेरलें होतें.

मनुष्याचें मन या दोहोंपेक्षां निराळ्या रीतीनें आठवतें. घरांत एखाद्या लग्नाचें साल कोणास सांगतां येत नाहीं, तेव्हां आजीबाई म्हणतात, “धाकटा त्या वर्षीं चौथींत होता,” आणि साल लगेच निघतें. एका गोष्टीचा दुसरीशीं असलेला संबंध हीच मनाची वाट होय. हा संबंध कागदावरच नोंदवावा, म्हणजे वाचणारास त्या खुणेवरून थेट दुसऱ्या कागदाकडे जातां यावें, ही दुव्याची कल्पना होय.

तिचा एक प्रयोग बर्नर्स-ली यांनीं सर्नमध्येंच १९८० सालीं केला होता. ‘एन्क्वायर’ नांवाच्या त्यांच्या आज्ञावलींत माणसें, यंत्रें व कामें यांचीं टिपणें एकमेकांस जोडलेलीं असत. तिचा एक नियम फार शहाणपणाचा होता: जुन्या टिपणापासून दुवा काढल्याखेरीज नवें टिपण निर्माणच करतां येत नसे. त्यामुळें पोरकें टिपण जन्मासच येत नसे. दैवाची थट्टा अशी कीं, त्यांनीं सर्न सोडलें तेव्हां जी चकती मागें ठेवली, तीच पुढें हरवली. ज्ञान जतन करण्याचें साधनच माणसामागें नाहींसें झालें!

१९८९ च्या टिपणावर त्यांचे वरिष्ठ माइक सेंडल यांनीं, कल्पना अस्पष्ट आहे पण मन वेधणारी आहे, असा शेरा मारला. १९९० च्या अखेरीस तिला मूर्त रूप आलें. तेंच आज जगभर पसरलेलें वेबचें जाळें. सर्नमधील लोकांना प्रथम त्याची गोडी लागावी म्हणून त्यावर काय ठेवलें? संस्थेचें टेलिफोनचें पुस्तक! रोज लागणारी वस्तु हाताशीं आली, म्हणजे लोक आपण होऊन येऊं लागतात.

१९९५ सालीं वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनीं पहिली ‘विकी’ सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेंत या शब्दाचा अर्थ जलद असा आहे. तिच्यांत वाचणारा तोच लिहिणारा असे. जें पान अद्याप लिहिलेलें नाहीं, त्याचें नांव लिहिलें कीं तेथें प्रश्नचिन्ह उमटे आणि जाणता मनुष्य तें पान भरून काढी. दप्तरांत काय उणें आहे, हें दप्तरच सांगूं लागलें.

मात्र साधन कितीहि उत्तम असलें, तरी तें निगेवांचून टिकत नाहीं. रजेचे नियम तीन ठिकाणीं उतरवले, कीं वर्षभरांत तिन्ही ठिकाणीं तीन नियम दिसूं लागतात. म्हणून एक गोष्ट एकाच ठिकाणीं लिहावी आणि इतरत्र तिच्याकडे दुवा द्यावा. पान हलविलें, कीं त्याकडे येणारे दुवे तुटतात. म्हणून तें हलविण्यापूर्वीं कोठून कोठून वाटा येतात हें पाहावें व जुन्या जागीं नव्या जागेची पाटी लावावी. प्रत्येक पानावर तें सांभाळणाराचें नांव व शेवटच्या तपासणीची तारीख असावी. नवख्या माणसासाठीं एक प्रवेशाचें पान असावें, आणि तें नवख्याकडूनच तपासून घ्यावें. कारण वाट कोठें चुकते हें वाट माहीत असणारास कधींच कळत नाहीं.

हीं कामें निवृत्तीच्या आदल्या आठवड्यांत होण्यासारखीं नाहींत. तीं रोज थोडथोडीं करावीं लागतात. पण तीं झालीं असलीं, म्हणजे हेडक्लार्क हार घालून घरीं जातो, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्या दारीं कोणास धांवत जावें लागत नाहीं. कोणी गेलेंच, तर तें केवळ त्याची खुशाली विचारावयास जातें.